अँटेनाचं तोंड

शिडी टेकवायच्या आधी मी विचारतो,
तोंड कुठे करू?

ट्वीड नदीच्या या गावात हा प्रश्न साधा नाही.
उत्तरेकडे वळवला तर संध्याकाळच्या बातम्या एडिंबराच्या,
दक्षिणेकडे वळवला तर न्यूकॅसलच्या,
मधोमध ठेवला तर पडद्यावर नुसते चौकोन
आणि निवेदिकेची अर्धी हनुवटी.

आमचा फुटबॉलचा संघ खेळतो पलीकडे,
कर आम्ही भरतो अलीकडे,
आणि हवामानाच्या नकाशात आमचं गाव
बरोबर त्या बाईच्या कोपराखाली येतं.
एकवीस वर्षं छपरं चढतोय,
तिनं हात हलवलेला पाहिला नाही.

रेनिसन म्हातारा, जन्म साल्मनच्या जाळ्यांत गेलेला,
बागेत उभा राहून वर ओरडतो,
कुठेही कर रे, सगळे एकाच माळेचे मणी!
फी मी भरायची आणि शहाणपण त्यांनी शिकवायचं!
लंडनच्या त्या काचेच्या इमारतीत
मासा कधी कुणी सोललाय का?
मी वायर काढतो. दहा मिनिटं घर गप्प.
तो तिथेच उभा, हातमोजे पिळत.
मग हळूच, शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं,
सहाच्या आत होईल ना?

चर्च स्ट्रीटला टेट नवरा-बायको.
ती म्हणते उत्तर, तो म्हणतो दक्षिण.
ती म्हणते, वेगळं व्हायलाच हवं.
तो म्हणतो, कुणापासून? तुझ्या आईपासून?
मतदान झालं तेव्हा पूल ओलांडून
तीन मैलांवर तिच्या बहिणीनं मत दिलं,
हिला कुणी विचारलंसुद्धा नाही.
त्यांच्या धुराड्यावर मी दोन अँटेने लावले, पाठीला पाठ लावून.
बिल मात्र एकाच्याच नावावर घेतात,
ते कुणाच्या, यावर भांडण अजून चालू आहे.

इस्पितळातली नर्स इफुनान्या
नागरिकत्वाच्या परीक्षेला बसली होती.
चहा देता देता म्हणाली,
पुस्तकात राजे आहेत, लढाया आहेत, तळलेले मासे आहेत,
पण तुम्ही लोक स्वतःला म्हणवता काय?
मी पाना खाली ठेवला.
इंग्लिश म्हणावं तर जीभ जरा अडते,
स्कॉटिश म्हणावं तर पलीकडचे हसतात,
ब्रिटिश हा शब्द मी पासपोर्टच्या अर्जावर वापरतो.
इथले, म्हटलं मी.
तिनं ते वहीत लिहून घेतलं,
पुढे एक प्रश्नचिन्ह टाकलं.

माझा बाप राजाला शिव्या घालायचा,
पार्लमेंटला त्याहून जास्त.
तरी रात्री एकला बारा मिनिटं कमी असताना
रेडिओ लावून बसायचा, समुद्राचं हवामान ऐकत.
होडी विकून नऊ वर्षं झाली होती.
टाइन, डॉगर, फिशर, जर्मन बाईट,
ओठ हलायचे त्याचे.
त्यानंतर राष्ट्रगीत लागायचं.
ते ऐकणार नाही, असं म्हणत तो बंद करायचा.
रेडिओ हाताशीच असायचा,
तरी बंद करताना उठून उभा राहायचा.
मी विचारलं नाही कधी.
गुडघे आखडले असतील.

गेल्या नोव्हेंबरात वादळ आलं
आणि निम्म्या गावाचे अँटेने वाऱ्यानं फिरवले,
ज्याला जसे वाटेल तसे.
मला वाटलं, फोन वाजून वाजून बंद पडेल.
दोन दिवस कुणाचाच नाही.
तिसऱ्या दिवशी पर्विसबाई,
वय एक्याण्णव, आवाज खणखणीत.
चित्र अगदी स्वच्छ आहे रे, म्हणाली,
पण ही माणसं कोण?
मागून टीव्ही ऐकू येत होता,
कुणीतरी रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल
कौन्सिलला झोडपत होतं.
येऊ का लगेच?
थांब, म्हणाली,
हे काय म्हणतायत ते होऊ दे.